पार्सलच्या लेयरवरून पालिकेची हद्द काढायची आहे, डिझॉल्व्ह केलं की चाळणी होतेय

पारसिक_बोगदा

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, आधीच सॉरी.

मी ठाण्यात एका छोट्या ऑफिसात जीआयएसचं (संगणकावरच्या नकाशांचं) काम बघते, एकटीच आहे त्यामुळे हेडही मीच आणि प्लॉटरमध्ये कागद घालणारी पण मीच. एका होर्डिंगवाल्या क्लायंटने साईट्सची यादी दिलीय आणि त्याला हवंय की कुठला खांब ठाणे मनपात पडतो आणि कुठला नवी मुंबईत, कारण परवानगी कुणाकडे मागायची तेच त्याला कळत नाहीये. साईट्स सगळ्या नेमक्या काठावरच्या, कळवा, विटावा, दिघा, ऐरोली, शिवाय चारपाच शिळफाट्याकडे. हद्दीची तयार फाईल नाहीये. पार्सलचा, म्हणजे जमिनीच्या एकेका तुकड्याचा लेयर आहे, कुणीतरी पूर्वी कॅडमधून (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून) शेपफाईल (नकाशाची फाईल) करून ठेवलेला, साधारण ३८ हजार पॉलिगॉन (बंद आकृत्या). त्यात ‘पालिका’ नावाचा कॉलम आहे, मला वाटलं झालं काम, त्या कॉलमवर डिझॉल्व्ह मारला (सारखं नाव असलेले तुकडे एकत्र जोडले) की दोन तुकडे मिळतील आणि मधली रेघ म्हणजे हद्द.

आधी तर त्या कॉलममध्ये ठाणेच सात प्रकारे लिहिलेलं, ठामपा, ठा.म.पा., ठाणे मनपा, ठाणे म न पा, आणि एक तर शेवटी स्पेस असलेला जो डोळ्यांना दिसतच नाही. ते साफ केलं. मग डिझॉल्व्ह केलं तर दोन पॉलिगॉन आले खरे पण एकेकात हजारो तुकडे आणि मध्ये सगळ्या रस्त्यांच्या जागी फटी, चाळणी म्हणा नाहीतर उसवलेली गोधडी म्हणा. मग कुठेतरी वाचलं की बफर करून (आकृती चहूकडून फुगवून) परत तेवढाच उणे बफर केला (आत ओढली) की फटी बुजतात. म्हणून बफरमध्ये १० टाकलं (मला १० मीटर हवे होते) तर लॅपटॉप वीस मिनिटं घरघरला आणि जो गोळा आला त्यात जयपूरपासून चेन्नईपर्यंत सगळं ठाणे मनपात. साहेब नेमके मागे उभे होते.

क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) वापरते. नक्की कुठे चुकतंय, आणि मुळात ही पद्धत बरोबर आहे का?

लोकल_८_१७

जयपूर वाचून चहा सांडला 😂 तुझा लेयर ईपीएसजी ४३२६ मध्ये (अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत) आहे, त्याचं युनिट अंश. १० म्हणजे १० अंश, एक अंश धर १११ किलोमीटर. आधी रीप्रोजेक्ट करून ३२६४३ मध्ये आण (मीटरमधली पद्धत, यूटीएम झोन ४३ उत्तर, ठाणे नवी मुंबई दोन्ही त्यातच येतात), मग १० म्हणजे खरंच १० मीटर. आणि नुसतं लेयरवर राइट क्लिक करून सीआरएस (कोऑर्डिनेटची पद्धत) बदलू नकोस, त्याने आकडे तेच राहतात आणि नकाशा जाऊन पडतो भलतीकडे, रीप्रोजेक्ट लेयर हे टूलच वापर. डिझॉल्व्हच्या आधी फिक्स जॉमेट्रीज पण चालवून घे, कॅडमधून आलेल्या मालात आठच्या आकड्यासारखे पिळलेले पॉलिगॉन हमखास असतात.

मोजणीवाले_काका

ताई, तीस वर्षं मोजणीत गेली, आता निवृत्त आहे. संगणकातलं मला बेताचं कळतं, पोराने क्यूजीआयएस शिकवलं तेवढंच. पण तुमचा प्रश्न संगणकाचा नाहीच आहे असं मला वाटतं.

तुम्ही ज्याला पार्सल म्हणता ते कागदावर कुणाचं तरी खातं असलेली जमीन. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, शहरात असाल तर सिटी सर्व्हे नंबर. रस्ता, नाला, नदी, खाडी यांना बहुतेक वेळा नंबरच नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम २० बघा, दुसऱ्या कुणाची नसलेली असली सगळी जमीन सरकारची. त्यामुळे गाव नकाशावर रस्ता म्हणजे दोन समांतर रेघा आणि मध्ये कोरी जागा. त्या कोऱ्या जागेचा पॉलिगॉन तुमच्याकडे येणार कुठून? चाळणी झाली म्हणजे तुमचा डेटा खराब आहे असं समजू नका, तो खरं तेच दाखवतोय.

दुसरं. पालिकेची हद्द प्लॉट मोजून ठरत नाही, अधिसूचनेने ठरते. महानगरपालिका अधिनियम १९४९ (जुना मुंबई प्रांतिकवाला), कलम ३. सरकार राजपत्रात जाहीर करतं की अमुक क्षेत्र हे महानगर, आणि त्याला जोडलेल्या अनुसूचीत गावांची नावं असतात, कुठे अर्धंच गाव घेतलं असेल तर सर्व्हे नंबर, कुठे उत्तरेस अमुक दक्षिणेस तमुक अशी चतुःसीमा. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली ती जुनी नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून. नवी मुंबईची स्थापना १७ डिसेंबर १९९१ आणि कारभार १ जानेवारी १९९२ पासून, ती तर गावांचीच बनलेली. म्हणजे तुमची वीट प्लॉट नाही, गाव आहे. विटावा ठाण्यात, दिघा नवी मुंबईत. तुम्हाला ३८ हजार तुकडे शिवत बसायची गरजच नाही, या दोन गावांची शीव शोधा. तीच पालिकांची हद्द.

आणि शीव ही फार जुनी गोष्ट आहे बरं का. पालिका परवाची. आमच्या वेळी गाव नकाशा म्हणजे कापडावर चिकटवलेला कागद, घडीवर फाटलेला, नेमकी घडी तुम्हाला हव्या त्या नंबरावरच पडायची. मोजणी साखळीने केलेली, ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आजही लोक गुंठ्यातच बोलतात पण तो आला कुठून ते माहीत नसतं. डोंगरउतारावर साखळी ताणून आडवी धरायची, माणूस दमला की ती झोळते, पारसिकच्या बाजूचे नंबर म्हणून जरा जपूनच घ्यावेत.

घणसोलीकर

काकांना +१, पण नवी मुंबईत अजून एक भानगड आहे जी बाहेरच्याला कळत नाही.

आमच्याकडे एकाच जमिनीला दोन नकाशे. सिडको १९७० ची, त्यांनी जमिनी संपादन केल्या आणि त्यावर सेक्टर पाडले, प्लॉट नंबर दिले. खाली जुना सर्व्हे नंबर तसाच, वर सेक्टर अमुक प्लॉट तमुक, आणि दोघांच्या बांधाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कॅडवाल्याने दोन्ही एकाच फाईलीत ओतले असतील तर तुझ्या ३८ हजारातले कितीतरी एकावर एक बसलेले असणार. टोपॉलॉजी चेकर या आकृत्या तपासणाऱ्या टूलमध्ये ‘मस्ट नॉट ओव्हरलॅप’ लावून बघ, लाल लाल दिसेल सगळं.

त्यात साडेबारा टक्के योजना (जमीन गेलेल्यांना बदल्यात विकसित प्लॉट). माझ्या आजोबांची जमीन एका गावात गेली आणि प्लॉट मिळाला दुसऱ्याच नोडमध्ये (सिडकोच्या वसाहतीत). आता कुणी डेटा भरताना ‘गाव’ कॉलममध्ये मूळ गाव टाकलं असेल तर डिझॉल्व्ह केल्यावर त्या गावाचा एक ठिपका लांब कुठेतरी एकटाच बसलेला दिसतो. तो ठिपका काही हद्दीचा भाग नाही गं, ते फक्त आमचं नशीब आहे.

आणि पत्त्यावर अजिबात जाऊ नकोस. खारघर, कामोठे, कळंबोली, लोक पत्ता लिहितात नवी मुंबई, आणि तिथली पालिका पनवेल, १ ऑक्टोबर २०१६ पासूनची, जिल्हा सुद्धा रायगड. माझा आतेभाऊ खारघरला राहतो, त्याला अजून पटत नाही की आमचा महापौर त्याचा नाही.

शिळफाट्याच्या साईट्सचं तर बघच. दहिसर, पिंपरी, नागाव, भंडार्ली, उत्तरशिव, गोठेघर, वाकळण, बाळे ही तिकडची १४ गावं. आधी नवी मुंबई मनपात होती, २००७ ला बाहेर काढली, आणि पुढे परत आत घ्यायचा निर्णय झाला. तुझी शेपफाईल कुठल्या सालची आहे त्यावर ती आत की बाहेर ते ठरणार. फाईल बनवणाऱ्याने साल लिहून ठेवलं असेल अशी आशा करू नये.

(तो दहिसर बोरिवलीच्या पुढचा नाही, इथला वेगळा. एकदा एकाने गावाच्या नावावर जॉईन करून, म्हणजे दोन याद्या नावाने जुळवून, अख्खं गाव पश्चिम रेल्वेवर नेऊन ठेवलं होतं. नावावर जॉईन करूच नका, जनगणनेचा गावाचा कोड घ्या.)

पोस्टग्रेसप्रेमी

फटी का बुजत नाहीत ते कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो.

डिलीट होल्स या टूलने चारी बाजूंनी बंद असलेलं भोकच बुजतं. रस्ता बंद नसतो. ठाणे बेलापूर रोड विटाव्यातून निघून दिघ्यातून पुढे जातो म्हणजे त्याची फट दोन्ही टोकांना उघडी, प्रोग्रामच्या नजरेत ते भोक नाहीच, ती पॉलिगॉनच्या बाहेरची जागा आहे जी लांब आत शिरलीय, खाडीचा फाटा शिरतो तशी. म्हणून बफर आणि उणे बफर लागतो. त्याचा हिशोब असा, ‘अ’ मीटरचा बफर केला तर २अ रुंदीपर्यंतची फट बुजते. गल्ली ९ मीटरची असेल तर ५ पुरे, हायवे ६० मीटरचा असेल तर ३० च्या वर लागेल.

पण ३० घेतलं की तुझ्या हद्दीवरचे खरेखुरे खाचे पण बुजणार, म्हणजे जिथे खरोखर दुसऱ्या गावाची जमीन आत घुसलीय तिथेही तुझी पालिका पसरणार. म्हणून सगळ्याला एकदम बफर नको. आधी गावानुसार डिझॉल्व्ह कर, पालिकेनुसार नको (काकांचा मुद्दा, एकदम बरोबर). मग प्रत्येक गाव वेगळं घेऊन बफर, उणे बफर, भोकं बुजव, आणि शेवटी त्यातून शेजारच्या गावाची मूळ पार्सल वजा कर. जे उरेल ते बऱ्यापैकी खरं.

दोन गावांमध्येच नाला किंवा रस्ता असेल तर मध्ये एक पट्टा उरतो जो कुणाचाच नाही. त्याला मी व्होरोनॉय लावतो (प्रत्येक जागा सगळ्यात जवळच्या पॉईंटला देणारी पद्धत). फक्त काठावरच्या पार्सलच्या कडांवर दर २ मीटरला पॉईंट टाकायचे, व्होरोनॉय पॉलिगॉन काढायचे, प्रत्येकाला ज्या पार्सलवरून पॉईंट आला त्याचं गाव द्यायचं, गावावर डिझॉल्व्ह. पट्ट्याच्या बरोबर मधून रेघ मिळते. अख्ख्या ३८ हजारावर हे करू नकोस, लॅपटॉप परत जयपूरला जाईल.

पोस्टजीआयएस (डेटाबेसमधलं जीआयएस) असेल तर एसटी_मेकव्हॅलिड आणि मग एसटी_युनियन, चांगला वेगही मिळतो. ३.४ पासून एसटी_कव्हरेजयुनियन आलंय ते अजून फास्ट, पण त्याला कडा तंतोतंत जुळलेल्या लागतात. घणसोलीकर म्हणतात तसे एकावर एक प्लॉट असतील तर त्याचं उत्तर चुकीचं येईल आणि ते तक्रार पण करणार नाही, गपचूप चुकीचं देईल.

लोकल_८_१७

किंवा सरळ पालिकेत जाऊन नकाशा माग ना, माहिती अधिकारात अर्ज, १० रुपये फी, ३० दिवस. विकास आराखड्याची शीट्स तर त्यांच्या साईटवर पण असतात. एवढा उपद्व्याप कशाला?

पारसिक_बोगदा

@लोकल_८_१७ शीट्स बघितली, पीडीएफ आहे, हद्दीची रेघ जाडजूड तुटक. झूम करून स्केलवर मोजली तर ती रेघच जमिनीवर पंचवीसेक मीटर रुंद भरते, आणि माझा एक खांब नेमका त्या रेघेच्या पोटात आहे 😭 अर्ज केलाय, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात गेला, तिथून उत्तर आलं की सदर माहिती पहिल्या ऑफिसाशी संबंधित आहे.

बाकी सगळ्यांना खूप थँक्यू. रीप्रोजेक्ट केलं, गावानुसार डिझॉल्व्ह केलं, ओव्हरलॅप खरंच निघाले, दिघा ऐरोलीच्या भागात सिडकोचे प्लॉट आणि जुने सर्व्हे नंबर दोन्ही होते. ज्यांना सेक्टर नंबर आहे ते वेगळ्या लेयरला काढून ठेवले. एमआयडीसीचे पण तसेच वेगळे केले, आधी मला वाटलं होतं तो भाग पालिकेच्या बाहेर, पण नाही, हद्दीतच येतो.

आता अडकले ते इथे. विटावा आणि दिघा दोन्ही गाव नकाशे महाभूनकाशावरून (सरकारी नकाशांची साईट) बघून जिओरेफरन्स केले (खऱ्या जागेवर बसवले). दोन्हीत सामाईक शीव आहे ना, ती एकच रेघ असायला हवी. माझ्याकडे दोन रेघा येतात. कुठे ४ मीटर, कुठे ११ मीटरचं अंतर, कुठे एकमेकींना छेदून पलीकडे जातात. मग मी स्नॅप जॉमेट्रीजमध्ये (जवळच्या कडा एकमेकींना चिकटवणारं टूल) टॉलरन्स १२ मीटर दिला तर रेघा जुळल्या पण गावठाणाजवळचे बारके प्लॉट गायबच झाले. कंट्रोल पॉईंट (नकाशा आणि जमीन दोन्हीवर ओळखू येणाऱ्या जागा) दिले तेव्हा एरर शून्य दाखवत होता, म्हणजे जिओरेफरन्सिंग तर बरोबरच असणार ना?

मोजणीवाले_काका

ताई, १२ मीटर फार झाले. वर सांगितलं ना, गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे १० मीटर. तुम्ही १२ ची सूट दिली म्हणजे गुंठाभर जमिनीचे चारही कोपरे एकमेकांत मिसळायला मोकळे. एखाद्याचं अख्खं घर गेलं त्यात. अर्धा मीटर, फार तर एक, त्याच्या वर स्नॅप नको.

पोस्टग्रेसप्रेमी

एरर शून्य आला म्हणजेच गडबड आहे. तू थिन प्लेट स्प्लाइन निवडलं असणार. ते रबरासारखं असतं, तू दिलेल्या प्रत्येक पॉईंटमधून ते जातंच जातं, पॉईंट चुकीचा असला तरी. म्हणून एरर नेहमी शून्यच. आधी पॉलिनॉमियल १ (सरळ रेघा सरळच ठेवणारं) लावून बघ, त्यात ज्या पॉईंटचा एरर एकदम १५ मीटर दाखवेल तो चुकलेला, तो काढ किंवा परत टिप. सगळे दोनतीन मीटरवर आले की मग पुढचं.

मोजणीवाले_काका

आणि पॉईंट कसले घेतलेत ते महत्त्वाचं. नवीन रस्त्याचे चौक, सोसायटीचे कोपरे घेऊ नका, ते नकाशाच्या वेळी नव्हतेच. तेव्हाही होतं आणि आजही जागेवर आहे असं शोधा. जुनी विहीर, देऊळ, जुन्या पुलाचा दगडी कठडा. रेल्वेची जुनी कामं उत्तम, आमच्याकडे पारसिक बोगद्याचं तोंड धरायचो (तुमचं नावच आहे की), १९१६ पासून जागचं हललेलं नाही. तलावाचा काठ टाळा, ठाण्यात तलाव सगळे आत आत सरकलेत.

सगळ्यात मोलाची खूण म्हणजे तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो दगड. तो तिन्ही गाव नकाशांवर असतो. तेच बिंदू तिन्ही शीटवर एकाच कोऑर्डिनेटला बांधा, मग दोन रेघांमधलं अंतर आपोआप कमी होईल. मधल्या भागात जे उरेल त्यात कुठली रेघ खरी? तर दोन्ही गावांचं काठावरच्या नंबरांचं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा. ज्या रेघेने हेक्टर आर जुळतात ती ठेवा. गावाचं एकूण क्षेत्र गाव नमुना एकशी, म्हणजे आकारबंदाशी लावा. आमचे साहेब म्हणायचे नकाशा चुकेल, क्षेत्र बोलतं. ते पण कधीकधी खोटं बोलायचं, पण निदान बोलायचं तरी.

खाडीकडची बाजू मात्र पार्सलवरून काढू नका. नंबर संपतो भरतीच्या रेघेजवळ, पुढे खारफुटी, पुढे पाणी. पाण्यातली हद्द अधिसूचनेत लिहिलेली असेल तशीच ओढायची.

घणसोलीकर

पाण्यात होर्डिंग लावणार नाहीये ना तुझा क्लायंट? मग खाडी सोड.

पारसिक_बोगदा

@घणसोलीकर त्याचा काही भरवसा नाही.

अपडेट देते, दहा दिवस झाले. काका, विहीर सापडली! विटाव्याच्या शीटवर विहिरीचा गोल होता, मी उपग्रहाच्या फोटोत तासभर शोधत होते, शेवटी स्कूटर काढून गेले तर एका गॅरेजच्या मागे जाळी टाकलेली, वर टायर रचलेले. मोबाईलवर पॉईंट घेतला, ४ मीटरची अॅक्युरसी दाखवत होता, घेतला तसाच. पॉलिनॉमियल १ ने दोन पॉईंट पकडले गेले, एक तर मी नवीन फ्लायओव्हरच्या खांबाला देऊळ समजून टिपलेला. ते काढल्यावर दोन शिवांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी ३ मीटरच्या आत आलं.

आता एक शंका. जिथे अंतर उरलंय तिथे मी मधोमध रेघ ओढली तर चालेल का? नकाशा बघणाऱ्याला सगळी रेघ सारखीच पक्की वाटणार.

पोस्टग्रेसप्रेमी

ओढ, पण एकच सलग रेघ ठेवू नकोस. हद्द तुकड्यांत तोड आणि प्रत्येक तुकड्याला ‘आधार’ म्हणून एक कॉलम दे. गाव नकाशाची शीव, पार्सलची कड, नाल्याचा मध्य, अंदाज, असं काहीतरी. शेजारी दुसरा कॉलम, किती मीटर इकडे तिकडे. आणि तिसरा, कुठल्या तारखेच्या अधिसूचनेप्रमाणे. १४ गावांच्या बाबतीत हा तिसरा कॉलमच तुला वाचवणार आहे.

मोजणीवाले_काका

हे बेस्ट. आम्ही पेन्सिलने तुटक काढायचो आणि शाईने पक्की, तेच हे. आणि खांब जर त्या तुटक भागात असेल तर नकाशावरून निर्णय देऊ नका हो, क्लायंटला सांगा हद्द कायम मोजणीचा अर्ज कर, भूमी अभिलेखवाले रोव्हर (अचूक जीपीएस यंत्र) घेऊन येतील आणि खुणा करून देतील. तुमची सही त्या भानगडीत नको.

पारसिक_बोगदा

केलं तसं. शीळ सोडून कळवा ते ऐरोली पट्ट्यात हद्दीचे ४१ तुकडे झाले, त्यातले ३३ पक्के, ८ तुटक. क्लायंटचे २६ खांब, २३ चा निकाल लागला, १४ ठाणे, ९ नवी मुंबई. तीन खांब तुटक रेघेच्या आसपास आहेत, त्यांच्यासाठी मोजणीचा अर्ज कर म्हणून सांगितलं तर म्हणतो मॅडम खांब दहा मीटर सरकवला तर?

शिळफाट्याच्या चारपाच साईट्स अजून बाकी आहेत. @घणसोलीकर त्या १४ गावांचे जनगणनेचे कोड आहेत का तुझ्याकडे?

घणसोलीकर

२०११ च्या जनगणना पुस्तिकेत ठाणे तालुक्याखाली बघ, तेव्हा ही गावं पालिकेच्या बाहेर होती म्हणून ग्रामीणच्या यादीत सापडतील. रात्री एक्सेल टाकतो. मोकाशीपाडा आणि निघू दोन्ही घ्यायला विसरू नकोस, ती नेहमी सुटतात.